आधी छप्पर, मग एसी : कौशल्य विकासमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई

माननीय मंत्रिमहोदय,

केंद्र सरकारने मे 2025 मध्ये मंजूर केलेल्या आणि ऑक्टोबरात ‘पीएम-सेतू’ या नावाने सुरू झालेल्या योजनेत देशातल्या 1,000 सरकारी आयटीआयंचा कायापालट करायचे ठरले आहे. 200 मुख्य संस्था, त्यांना जोडलेल्या 800 संस्था आणि पाच वर्षांत 60,000 कोटी रुपये, असा तिचा पसारा आहे. चारशेहून अधिक सरकारी आयटीआय असलेल्या महाराष्ट्राच्या वाट्याला यातले बरेच काही येईल, आणि यावेच. पैसा मंजूर झाला की याद्या सुरू होतात. सीएनसी यंत्रे, रोबोटिक्सची प्रयोगशाळा, डिजिटल फळे, आणि यादीच्या तळाशी कुठेतरी ‘स्प्लिट एसी, दीड टन, नग अमुक’. हे पत्र त्या तळाच्या ओळीबद्दल आहे.

आयटीआयचे सत्र ऑगस्टात सुरू होऊन पुढच्या जुलैपर्यंत चालते. त्यामुळे शाळा-कॉलेजांची आवारे ओस पडलेली असतात तेव्हा, म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात, फिटर, टर्नर आणि वेल्डरची मुले परीक्षेआधीच्या सरावासाठी कार्यशाळेत उभी असतात. अंगात एप्रन, पायात जाड बूट, वेल्डर असेल तर हातमोजे आणि तोंडावर काळी काच. डोक्यावर पत्रा. विदर्भात हे काय प्रकरण आहे ते विदर्भाबाहेरच्यांना सांगून कळत नाही. मे 2013 मध्ये नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. मे 2024 च्या अखेरीस तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले. संवेदक बिघडला होता असा खुलासा हवामान खात्याने केला. खुलासा येईपर्यंत त्या आकड्यावर विश्वास ठेवायला बरेच नागपूरकर तयार होते, यातच काय ते आले.

आता थोडे भूगोलाकडे. नागपूर साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. 26 मेच्या सुमारास तिथे शून्य सावली दिवस असतो, म्हणजे ऐन दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शाळेतली मुले अंगणात बाटली उभी करून ही गंमत बघतात. इमारतीच्या बाबतीत मात्र ती गंमत राहत नाही. सूर्य डोक्यावर असतो तेव्हा दक्षिणेच्या खिडकीवर ऊन जवळपास पडतच नाही. सगळा मारा छपरावर होतो आणि दुपार कलली की पश्चिमेच्या भिंतीवर. तेव्हा खिडक्यांना रंगीत फिल्म लावण्यापासून सुरू होणारे अंदाजपत्रक चुकीच्या टोकापासून सुरू झालेले असते.

ढोबळ हिशेब करून पाहावा. 20 मीटर लांब, 10 मीटर रुंद शेड घेतली तर छप्पर 200 चौरस मीटर. उघडा पत्रा मे महिन्याच्या दुपारी साठीच्या पुढे तापतो. आतली हवा 35 अंशांवर ठेवायची म्हटली, तरी दर चौरस मीटरमागे 150 वॉटच्या आसपास उष्णता पत्र्यातून खाली उतरते. सगळी मिळून 30 किलोवॉट. एक टनाचा एसी सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे साडेआठ टनांचे एसी नुसते पत्र्याशी झुंजण्यात खर्ची पडले. माणसे, यंत्रे, दिवे आणि भिंती यांचा हिशेब अजून सुरूच झालेला नाही.

2017 च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने 10,000 चौरस मीटरपेक्षा लहान शाळांच्या छपराला थंड प्रदेश सोडून एक मर्यादा घालून दिली आहे : आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर एका चौरस मीटरमधून 0.47 वॉटपेक्षा जास्त उष्णता आत येता कामा नये. उघड्या पत्र्यातून 6 वॉट किंवा अधिक येते. पत्र्याखाली उष्णतारोधक थर आणि वर ऊन परतवणारा पांढरा लेप देऊन ही मर्यादा गाठली, तर वरच्या शेडमधले 30 किलोवॉट तीन-साडेतीनवर येतात. साडेआठ टनांचे काम एका टनात. या कामाला कॉम्प्रेसर लागत नाही, गॅस भरावा लागत नाही, दरवर्षी वीजबिल येत नाही आणि लोडशेडिंगमध्ये ते बंदही पडत नाही.

मग होत का नाही? एक कारण संहितेतच आहे. ती 100 किलोवॉट जोडभार किंवा 120 केव्हीए करारमागणीपासून पुढच्या इमारतींना लागू होते, आणि तालुक्याच्या गावची एखादी छोटी आयटीआय त्या उंबरठ्याच्या अलीकडेच राहू शकते. ऊर्जा संवर्धन कायद्यात 2022 मध्ये झालेल्या दुरुस्तीने हा उंबरठा खाली आणण्याची मुभा राज्यांना दिली आहे. निदान सरकारी आयटीआयपुरता तो खाली आणायला कोणाची हरकत असेल असे वाटत नाही. दुसरे कारण अधिक घरगुती. एसी ही ‘खरेदी’ असते, छप्पर हे ‘बांधकाम’. खरेदी मार्चअखेर उरकता येते. बांधकामाला अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा असा सगळा वळसा घ्यावा लागतो. शिवाय एसीची फीत कापता येते, पत्र्याखालच्या थराची कशी कापणार? गेल्या काही वर्षांत राज्यातल्या अनेक आयटीआयंना थोरामोठ्यांची नावे देण्यात आली. नव्या पाट्या लागल्या, ते चांगलेच झाले. आता पाटीच्या वर थोडे बघावे.

शेजारच्या राज्याचे उदाहरण घ्यायला कमीपणा नाही. तेलंगणाने एप्रिल 2023 मध्ये ‘कूल रूफ’ धोरण जाहीर केले आणि सरकारी इमारतींना ऊन परतवणारे छप्पर सक्तीचे केले. अहमदाबाद महापालिकेने 2013 मध्ये उष्मा कृती आराखडा आणला आणि पुढे वस्त्यांमधल्या छपरांना चुन्याचा पांढरा हात देण्याची मोहीम काढली. चंद्रपूर आणि सिरपूर-कागझनगर यांच्या मध्ये राज्याची सीमा आहे, उन्हाची नाही.

आणि खरे तर तेलंगणापर्यंत जायचीही गरज नाही. विदर्भातली जुनी कवेलूची घरे पाहावीत. वर कवेलू, त्याखाली फळ्यांचा किंवा बांबूचा, मातीने लिंपलेला माळा, आणि मधल्या पोकळीत गरम हवा. ती कवेलूंच्या फटींतून वाट काढते, माळ्याखाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर उतरत नाही. मुंबईतल्या गिरण्यांच्या शेड करवतीच्या दात्यांसारख्या छपरांच्या होत्या आणि त्यांच्या काचा उत्तरेकडे तोंड करून असत. उजेड भरपूर, ऊन नाही. कामगारांच्या सुखासाठी ते केले होते असे कोणी म्हणणार नाही. सूत नीट दिसावे म्हणून केले होते. पण दिवसा दिवे न लावता चालणारी कार्यशाळा कशी असते, हे त्या शेडमध्ये तीन पिढ्यांनी पाहिले.

छप्पर सुधारले की सगळे झाले असे मात्र नाही. इथून पुढे प्रत्येक ट्रेडची गोष्ट वेगळी होते, आणि सगळ्यांना एकच औषध देण्याची सवय इथेच घात करते.

वेल्डिंगचे शेड घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. तेव्हा इथे हवा खेळती ठेवणे हा सोयीचा नाही, फुप्फुसाचा प्रश्न आहे. सर्वसाधारण उपाय काय होतो, तर मागच्या भिंतीला उंचावर मोठा एक्झॉस्ट फॅन. मुलगा बूथमध्ये टेबलावर वाकलेला असतो, धूर ठिणगीपासून सरळ वर उठतो, आणि फॅनकडे जाता जाता आधी त्याच्या नाकासमोरून जातो. फॅन फिरतो, वीज जळते, तपासणीत रकान्यात ‘आहे’ अशी खूण होते. उकडते म्हणून जोराचा पंखा लावावा तर तीही पंचाईत. सीओ-टू वेल्डिंगमध्ये वितळलेल्या धातूवर वायूचे कवच धरलेले असते. वाऱ्याचा झोत सेकंदाला दोनेक मीटरच्या पुढे गेला की कवच उडते, जोडात हवेची छिद्रे राहतात, आणि निदेशक जॉब परत करतो. मुलाला वाटते हात चुकला.

इथे चालणारा उपाय आहे तो ठिणगीच्या जवळ, हातभर अंतरावर आणता येणाऱ्या हूडचा. धूर नाकापर्यंत पोचण्याआधीच हूड तो ओढून घेतो. अख्ख्या शेडची हवा उपसण्यापेक्षा यात फार कमी हवा उपसावी लागते, म्हणून ब्लोअरही लहान लागतो. आणि जेवढी हवा बाहेर काढली तेवढी आत यायला वाट ठेवावी लागते, हे निविदेत हमखास विसरले जाते. मग दार उघडताना ते आतून कोणी ओढून धरल्यासारखे जड लागते.

टर्नरच्या शेडमध्ये प्रश्न वेगळा. लांबीच्या मोजमापाचे जगभर मान्य प्रमाण तापमान 20 अंश आहे. 100 मिलिमीटर व्यासाचा पोलादी जॉब 20 वरून 40 अंशांवर गेला की साधारण 0.023 मिलिमीटरने फुगतो. मायक्रोमीटरवर दोन रेघांहून थोडा जास्त फरक. एच-7 या नेहमीच्या फिटमध्ये त्या मापाच्या भोकाला एकूण सूटच 0.035 मिलिमीटरची असते. जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही पोलादाचे आणि एकाच तापमानाचे असतील तर दोन्ही सारखेच फुगतात, चूक एकमेकांत जिरते. गडबड होते ती जॉब पत्र्याखालच्या लेथवरून थेट शेजारच्या एसी खोलीतल्या मापन-टेबलावर गेला की. दोन खोल्यांत पंधरा-वीस अंशांचा फरक ठेवून अचूकतेचे धडे देणे अवघड आहे. म्हणून एसी द्यायचाच तर तो सीएनसी आणि मोजमापाच्या खोलीला द्यावा, तिथे तो चैनीचा नाही. मात्र बाहेरचे शेडही तीस-बत्तीसच्या आसपास आणावे, म्हणजे दोन्हींमधली दरी कमी होईल.

तीस-बत्तीस कसे गाठायचे? कूलरने. विदर्भाला कूलर शिकवायला नको. वाळ्याच्या ताट्या भिजवून दारात लावणारा हा प्रदेश आहे. विज्ञानही सरळ आहे : मेच्या दुपारी 43 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असताना ओल्या बल्बचे तापमान, म्हणजे पाण्याच्या वाफेने हवा जास्तीत जास्त उतरू शकते ती मर्यादा, 25 च्या खाली असते, आणि चांगल्या पॅडचा कूलर हवा 28-29 अंशांपर्यंत आणू शकतो. सारख्याच जागेसाठी कूलरला लागणारी वीज एसीच्या तुलनेत किरकोळ असते. पण कूलर पाणी पितो. एक लिटर पाण्याची वाफ साधारण पाऊण युनिटपेक्षा थोडी कमी उष्णता उचलते. वरचे 30 किलोवॉटचे छप्पर नुसत्या कूलरने सांभाळायचे तर तासाला 45 लिटरच्या आसपास पाणी उडून जाईल. छप्पर आधी सुधारले असेल तर त्याच्यासाठी पाचेक लिटर पुरतात. टँकरवर जगणाऱ्या गावांच्या जिल्ह्यात हा फरक किती मोठा आहे ते आपल्याला सांगायला नको.

कूलरची दुसरी खोड म्हणजे ओल. वर्गखोलीला, वायरमनच्या शेडला, शिवणकामाच्या वर्गाला ती चालते. लेथच्या घासलेल्या पृष्ठांना आणि सरफेस प्लेटला चालत नाही, गंज धरतो. यंत्रांच्या शेडला पाण्याचा थेट स्पर्श न होता हवा थंड करणारे कूलर घ्यावेत. ते महाग पडतात, पण गंजलेल्या यंत्रांपेक्षा स्वस्तच. आणि जून सरला की कूलर, कुठलाही, निरुपयोगी होतो. जुलैत 31 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असताना ओल्या बल्बला फक्त तीनेक अंशांची उतरण उरते. तेव्हा राज्य करतो तो पंखा. जुन्या छतपंख्याला 75 वॉट लागतात, बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. उलट मेच्या 43 अंशांत नुसता पंखा म्हणजे झळांचा झोत, कारण हवाच अंगापेक्षा गरम असते. मेला कूलर, जुलैला पंखा : तालुक्याच्या गावातले कोणतेही घर या क्रमाने चालते. सरकारी इमारतीलाच तो माहीत नसावा हे नवल.

हे सगळे नागपूर-चंद्रपूरचे झाले. रत्नागिरी, पालघर किंवा मुंबईच्या आयटीआयला हाच नकाशा दिला तर फसगत होईल. संहितेत मुंबई उष्ण-दमट विभागात आहे आणि नागपूर संमिश्र विभागात, ते उगीच नाही. कोकणात कूलर बाद. तिथे उंच छप्पर, समोरासमोर मोठ्या खिडक्या, पाऊस आत न येऊ देणारे खोल वळचणीचे सज्जे आणि वारा अडणार नाही अशी इमारतीची ठेवण यांवर पैसे घालावेत. खोली गरम करण्याचा प्रश्न राज्याला फारसा पडत नाही. लडाखमधल्या फे गावी सेकमॉलची शाळा मातीच्या जाड भिंती आणि दक्षिणेच्या काचा यांच्या जोरावर हिवाळा काढते, हे कौतुकाने वाचावे आणि पुढे जावे. एक नमुना नकाशा आणि छत्तीस जिल्हे, हा हिशेब मात्र मोडायला हवा.

‘हे कागदावर ठीक आहे’ असे म्हणणाऱ्यांसाठी काही उभ्या इमारती. जयपूरजवळची पर्ल अकादमी ही फॅशनचे शिक्षण देणारी, म्हणजे हाताला कसब शिकवणारीच संस्था. मॉर्फोजेनेसिस या वास्तुरचनाकारांनी 2008 मध्ये तिची इमारत पूर्ण केली. बाहेरच्या भिंतीपासून चार फुटांवर जाळीची दुसरी भिंत, इमारतीच्या पोटात पायविहिरीसारखा पाण्याचा हौद, आणि गच्चीवर उपडी मडकी रचून केलेला उष्णतारोधक थर. मडकी! राजस्थानात ती मिळतात आणि महाराष्ट्रात मिळत नाहीत अशातला भाग नाही. अहमदाबादजवळ टॉरंट संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळा नव्वदीच्या अखेरीपासून उंच मनोऱ्यांतून पाण्याचे तुषार सोडून थंड केल्या जातात. जड झालेली हवा आपोआप खाली उतरते आणि आतले तापमान बाहेरच्यापेक्षा दहाएक अंशांनी कमी राहते. पावसाळ्यात तुषार बंद ठेवतात. औषधांवर संशोधन चालते अशा जागी हे जमते, तर फिटरच्या शेडला जमू नये?

यंत्रेच लावायची तर तीही डोळसपणे. हैदराबादजवळ पोचारमला इन्फोसिसने 2011 मध्ये एकाच इमारतीचे दोन अर्धे भाग केले. एकात नेहमीचा, पण उत्तम दर्जाचा वातानुकूलन संच, दुसऱ्यात छताच्या स्लॅबमधून थंड पाणी खेळवणारी पद्धत. दुसऱ्या अर्ध्याला पहिल्यापेक्षा 34 टक्के कमी वीज लागली. या प्रयोगातले महत्त्वाचे काम मोजण्याचे होते. दोन्ही भागांना वेगळे मीटर होते, म्हणून निकाल सांगता आला. सरकारी आयटीआयमध्ये बहुधा आवाराला मिळून एकच मीटर असतो आणि बिल कोणाच्या नावावर फाडायचे एवढाच प्रश्न उरतो.

इथे या पत्राचा खरा मुद्दा येतो. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड आहे, इलेक्ट्रिशियनचा आहे, वेल्डरचा, शीटमेटलचा, प्लंबरचा आहे. इमारत थंड आणि हवेशीर ठेवायला लागणारे जवळपास सगळे हात त्याच आवारात रोज हजेरी लावतात, आणि देखभालीचे कंत्राट मात्र बाहेर जाते. केंद्राच्या मार्च 2019 च्या भारत शीतकरण कृती आराखड्यानुसार देशाची शीतकरणाची गरज 2037-38 पर्यंत 2017-18 च्या आठपट होईल. याच आराखड्याने एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे लक्ष्य ठेवले होते. हे तंत्रज्ञ कुठून येणार? या शेडमधूनच. त्यांना आता जुन्या आर-22 वायूवर हात बसवून भागणार नाही. भारत 2030 पर्यंत त्या गटातले वायू बंद करतो आहे. अशा वायूंबाबतच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या किगाली दुरुस्तीला सप्टेंबर 2021 मध्ये मान्यता दिल्यावर पुढच्या वायूंनाही उतरती कळा लागणार आहे. त्यांच्या जागी येणारा आर-32 थोडा ज्वलनशील, आणि विक्रोळीच्या गोदरेजने 2012 पासून घरगुती एसीत वापरलेला आर-290 म्हणजे तर प्रोपेनच. गळती शोधणे, खोलीच्या आकाराला किती वायू चालतो ते काढणे, ब्रेझिंग करण्याआधी नळी नायट्रोजनने साफ करणे हे फळ्यावर शिकता येत नाही.

म्हणून इमारतीची यंत्रणाच प्रात्यक्षिकाचा जॉब करावी. डक्ट शीटमेटलच्या मुलांनी ओढावेत, पंख्यांचे आणि पंपांचे वायरिंग दुसऱ्या वर्षाच्या इलेक्ट्रिशियनांनी निदेशकाच्या देखरेखीखाली करावे, प्लंबरच्या मुलांनी कूलरचे पाणी आणि निचरा बघावा. दर शेडला स्वतंत्र वीजमीटर, छपराखाली आणि माणसाच्या उंचीवर एकेक तापमापक, आणि रोजच्या नोंदींची वही मुलांच्या ताब्यात. एसीचा अंश एकने वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. मुलांनी ते आपल्या मीटरवर ताडून पाहावे. जमले नाही तर का जमले नाही ते लिहावे. कोणत्याही कारखान्यातला देखभाल विभाग असा मुलगा डोळे मिटून घेईल.

छपरावर सौर पॅनेल टाकण्याची घाई असते, तिच्याबद्दल एकच. पॅनेलखाली सावली पडते, तेवढा फायदा होतो. पण तापणारा पत्रा तसाच ठेवून वर सौर वीज निर्माण करायची आणि ती खालच्या एसीत जाळायची, याला बचत म्हणणे कठीण आहे. गळके, गंजके पत्रे आधी बदलावेत. पॅनेल बसल्यावर ते पंचवीस वर्षे हलत नाहीत, आणि त्यांच्याखालचा पत्राही मग हलत नाही.

विनंती मोजकी आहे. सेतूच्या निधीतून निघणाऱ्या प्रत्येक बांधकाम-निविदेत संहितेची छपराची मर्यादा जोडभार न बघता बंधनकारक करावी. एसीच्या मागणीपत्राला छपराखालच्या तापमानाची नोंद आणि उष्णतेचा हिशेब जोडल्याशिवाय प्रशासकीय मान्यता देऊ नये. वेल्डिंग बूथला हूडशिवाय आणि ताज्या हवेच्या वाटेशिवाय पूर्णत्वाचा दाखला मिळू नये. ऊर्जा संवर्धन कायद्याखाली राज्याची नियुक्त संस्था महाऊर्जा आहे. तिचे अभियंते, सार्वजनिक बांधकाम विभागाचे कार्यकारी अभियंते आणि संस्थांचे प्राचार्य यांना एका टेबलाशी बसवावे. त्या बैठकीला दोन-चार निदेशकही असावेत, कारण मेच्या दुपारी शेडमध्ये उभे राहणारे तेच असतात.

आणि बैठक मंत्रालयातल्या वातानुकूलित दालनात नको. ती चंद्रपूरच्या एखाद्या आयटीआयच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मेच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी अडीच वाजता ठेवावी. कार्यवृत्त लवकर तयार होईल.

कळावे.

आपला नम्र,
एक नागपूरकर